वॉटर-कूल्ड संगणकातील फ्लो सेन्सर: पडद्यावरचा आकडा आणि नळीतले खरे पाणी यांचा मेळ कसा घालावा?

दगडी_वाडा (प्रश्न)

नमस्कार. घरून थ्रीडी रेंडरिंग करण्यासाठी जो संगणक वापरतो, त्याला मी गेल्या दिवाळीत वॉटर-कूलिंग बसवले. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड या दोन्हींवर ब्लॉक (पाणी आतून फिरवून उष्णता काढणारे धातूचे ठोकळे) आहेत, ३६० मिलिमीटरचे दोन रेडिएटर आहेत, पंप डी५ जातीचा आहे आणि टाकी पंपापासून वेगळी आहे. नळीचा आतला व्यास १० मिलिमीटर आहे. कूलंट म्हणून डिस्टिल्ड वॉटरमध्ये गंजरोधकाचे थोडे द्रावण घातले आहे, ग्लायकॉल अजिबात नाही. पंपातून पाणी बाहेर पडल्या पडल्या एक काटकोनी एल्बो आहे आणि त्या एल्बोलाच फ्लो सेन्सर (पाण्याचा प्रवाह मोजणारा) जोडलेला आहे, कारण कॅबिनेटमध्ये दुसरीकडे कुठेही जागा मिळाली नाही.

सेन्सर साधाच आहे. आत छोटे चक्र फिरते, ते फिरताना विजेचे ठोके, म्हणजे पल्स, पडतात आणि बाहेर तीन तारा येतात. तो मी मदरबोर्डवरच्या पंख्याच्या रिकाम्या हेडरला (तारा जोडण्याच्या पिनांना) जोडला आहे. पंप पूर्ण वेगात, म्हणजे मिनिटाला ४,८०० फेऱ्यांवर असताना त्या हेडरवर सरासरी ६९० आरपीएम (मिनिटाला फेऱ्या) दिसतात, मात्र आकडा एका जागी न राहता ६६५ ते ७१५ च्या दरम्यान सतत हलतो. सेन्सरसोबत आलेल्या चिठ्ठीवर ‘एका लिटरला ३०० पल्स’ एवढेच लिहिलेले आहे. त्यावरून मी काढलेला प्रवाह ताशी २७६ लिटर येतो.

पडताळा म्हणून मी उष्णतेच्या हिशेबानेही प्रवाह काढून पाहिला. ग्राफिक्स कार्डच्या ब्लॉकच्या आधी आणि नंतर तापमानाचे सेन्सर आहेत. कार्ड ३२० वॅट घेत असताना आत जाणारे पाणी ३४.१ अंश आणि बाहेर येणारे ३५.४ अंश होते. एवढ्या १.३ अंशांच्या फरकावरून प्रवाह ताशी २१२ लिटर निघतो. म्हणजे एकाच नळीतल्या एकाच पाण्याबद्दल दोन हिशेबांत ६४ लिटरांची तफावत आहे. शिवाय पंप १,२०० फेऱ्यांवर आणला, तर टाकीतले पाणी डोळ्यांना फिरताना दिसत असूनही सेन्सरचा आकडा मध्येच शून्य होतो.

रात्री रेंडर लावून मी झोपतो, त्यामुळे प्रवाह ठरावीक मर्यादेखाली गेला की संगणक आपोआप बंद व्हावा, अशी माझी इच्छा आहे. पण जो आकडा स्वतःच खरा की खोटा हे ठाऊक नाही, त्यावर ही मर्यादा कशी ठरवायची? हा सेन्सर घरच्या घरी कॅलिब्रेट करता, म्हणजे त्याचा आकडा खऱ्या मापाशी जुळवून घेता, येईल का, आणि येत असेल तर नेमका कसा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.


पल्समोजणी (प्रतिसाद)

आधी आपला हिशेब तपासून पाहिला, तो बरोबर आहे. वाचणाऱ्या इतरांसाठी तो मांडतो. संगणकाचा पंखा एका फेरीत दोन पल्स देतो, हे मदरबोर्ड गृहीत धरतो आणि त्यानुसार पल्सची वारंवारता ३० ने गुणून ‘आरपीएम’ म्हणून दाखवतो. त्यामुळे ६९० आरपीएम म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला २३ पल्स. सेन्सरच्या चक्राच्या खऱ्या फेऱ्यांशी या आकड्याचा काहीही संबंध नाही. ताशी लिटर हवे असतील तर दाखवलेल्या आरपीएमला १२० ने गुणून एका लिटरमागच्या पल्सच्या संख्येने भागावे. आपल्या बाबतीत १२० भागिले ३०० म्हणजे ०.४, आणि ६९० गुणिले ०.४ म्हणजे २७६.

ही पल्ससंख्या प्रत्येक सेन्सरची वेगळी असते, हे मुद्दाम सांगतो. वायएफ-एस२०१ हा जो स्वस्त सेन्सर प्रयोगांसाठी सगळीकडे मिळतो, त्याला लिटरमागे ४५० पल्स धरतात. अ‍ॅक्वाकॉम्प्युटर कंपनीच्या चक्राच्या ‘हाय फ्लो’ सेन्सरला १६९ धरतात. दुसऱ्या कुणाचा गुणक उचलून आपल्या सेन्सरला लावला, तर येणारा आकडा दिसायला पटण्याजोगा असतो आणि तरीही तो साफ चुकीचा असतो.

आकडा हलतो याचे कारण बहुधा मदरबोर्डच्या मोजण्याच्या रीतीत आहे. बोर्ड मिनिटभर पल्स मोजत बसत नाही. लागोपाठच्या दोन-तीन पल्समध्ये किती वेळ गेला, एवढेच पाहून तो वेग काढतो. चक्रातली चुंबके एकमेकांपासून अगदी समान अंतरावर नसतील, तर प्रवाह स्थिर असूनही प्रत्येक वाचन थोडे वेगळे येते. मध्येच दिसणारे शून्य हेही त्याच मालिकेतले आहे. जुन्या बोर्डांवरच्या देखरेख चिपमध्ये (पंख्यांचे वेग मोजणाऱ्या) आठ बिटांचा, म्हणजे २५५ पर्यंतच मोजणारा, मोजणीकाटा असायचा, आणि त्याची मोजणी मंद करणारा विभाजक ८ वर ठेवला तरी साधारण ६६० आरपीएमखालचे त्याला काहीच दिसत नसे. नव्या चिपमध्ये ही अडचण फारशी उरलेली नाही, परंतु बोर्डाच्या बायॉसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) पंख्याची किमान मर्यादा वेगळी ठरवलेली असते, आणि तिच्याखालचा वेग ‘पंखा बंद’ असा धरला जाऊ शकतो. बायॉसमध्ये त्या हेडरची खालची मर्यादा शोधा, ती सर्वांत कमी करा किंवा ‘दुर्लक्ष’ या पर्यायावर ठेवा.

कॅलिब्रेशनसाठी मात्र मदरबोर्डच्या वाचनावर विसंबू नका. अर्डुइनो उनोसारखा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड घ्या, सेन्सरला त्याच्यावरून ५ व्होल्ट द्या, सिग्नलची तार १० किलोओहमच्या रोधकाने ५ व्होल्टला ओढून धरा आणि इंटरप्टच्या पिनवर एकूण पल्स मोजा. या सेन्सरचे आउटपुट ओपन-कलेक्टर जातीचे असते, म्हणजे ते तार फक्त शून्याकडे ओढू शकते, म्हणून हा रोधक हवाच. सिग्नलची तार पंपाच्या पीडब्ल्यूएमच्या, म्हणजे वेग ठरवणाऱ्या सिग्नलच्या, तारेला चिकटून जात असेल, तर ती वेगळी करा. तो सिग्नल २५ किलोहर्ट्झचा असतो आणि त्याचे पडसाद मोजणीत उमटून आकडा विनाकारण फुगतो. तार वेगळी करणे शक्य नसेल, तर सिग्नल आणि ग्राउंड यांच्यामध्ये १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावा. सेकंदाला वीस-पंचवीस पल्स त्याच्यातून सुखरूप जातात.


वाफ_आणि_दाब (प्रतिसाद)

रासायनिक कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट विभागात मी २६ वर्षे काढली. आमच्याकडचे मोठे फ्लोमीटर केरळात पालक्काडला, फ्लुइड कंट्रोल रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये, तपासणीसाठी जात असत आणि लहान आम्ही जागेवरच तपासत असू. जागेवरची रीत सोपी होती आणि आपल्याला तीच उपयोगी पडेल: मीटरमधून पाणी सोडायचे, ते भांड्यात धरायचे आणि वजन करायचे. आयएसओ ४१८५ हे मानक याच वजनपद्धतीचे आहे. लिटरच्या खुणा असलेल्या भांड्यापेक्षा वजन कितीतरी भरवशाचे असते, कारण भांड्यातल्या पाण्याची कडा डोळ्याने वाचताना सहज दोन-तीन टक्क्यांची चूक होते, तर स्वयंपाकघरातला पाच किलोचा इलेक्ट्रॉनिक काटा एका ग्रॅमपर्यंत दाखवतो. काट्यावर विश्वास नसेल, तर ओळखीच्या वाण्याकडून वैधमापनाचा शिक्का असलेली एक आणि दोन किलोची वजने तासाभरासाठी आणा आणि आधी काटाच तपासा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की सेन्सर त्याच्या जागेवरून काढू नका. आपल्या सेन्सरच्या तोंडाशीच एल्बो आहे. टर्बाइन जातीच्या मीटरच्या आधी नळीच्या व्यासाच्या दहापट आणि नंतर पाचपट लांबीची सरळ नळी असावी, असा सर्वसाधारण दंडक आहे. म्हणजे आपल्या बाबतीत आधी १०० मिलिमीटर आणि पुढे ५० मिलिमीटर. ती नसेल तर वळणावरून आलेले पाणी गिरकी घेत चक्रावर आदळते आणि चक्र खऱ्या प्रवाहापेक्षा कमी किंवा जास्त फिरते. सेन्सर बाहेर काढून सरळ नळीत तपासला, तर तिथे मिळालेला आकडा परत एल्बोवर बसवल्यावर लागू पडणार नाही. तेव्हा पंप, एल्बो, सेन्सर आणि त्याच्या पुढची फिटिंग आहेत तशीच ठेवून मोजणी करावी, म्हणजे एल्बोमुळे होणारी चूक कॅलिब्रेशनमध्येच सामावून जाते.

आता प्रत्यक्ष कृती. संगणकाची वीज पूर्ण बंद करून मदरबोर्डचा, कार्डचा आणि प्रोसेसरचा वीजपुरवठा काढून ठेवा. फक्त पंपाला वेगळ्या १२ व्होल्टच्या पुरवठ्यावरून वीज द्या. टाकीकडून पंपाकडे येणारी नळी काढा आणि तिच्या जागी स्टुलावर ठेवलेल्या पंधरा लिटरच्या बादलीतून नळी आणा, जेणेकरून पंपात पाणी आपोआप उतरेल. डी५ पंप स्वतःहून पाणी खेचून घेत नाही आणि कोरडा चालला तर त्याचे बेअरिंग जाते, म्हणून बादली पंपापेक्षा उंचच असावी. दुसऱ्या टोकाला, रेडिएटरमधून टाकीकडे परतणारी नळी टाकीपासून सोडवा, तिच्या तोंडाला एक छोटा बॉल व्हॉल्व्ह लावा आणि ते तोंड काट्यावरच्या भांड्यावर अशा बेताने धरा की नळीचा भार भांड्यावर येणार नाही.

हा व्हॉल्व्ह आवर्जून लावा. तो नसेल आणि केवळ पंप बंद करून मोजणी थांबवली, तर बादली उंचावर असल्यामुळे पाणी वाहतच राहते, आणि हा प्रवाह इतका मंद असतो की चक्र फिरतही नाही. म्हणजे पाणी भांड्यात येते पण त्याचे पल्स पडत नाहीत. माझ्या उमेदवारीच्या काळात मी नेमकी हीच चूक केली होती आणि दोन दिवस मीटरला दोष देत बसलो होतो. व्हॉल्व्ह बंद ठेवून पंप चालू करा, मोजणी शून्यावर आणा, काट्यावर भांड्याचे वजन वजा करा, मग व्हॉल्व्ह झटकन पूर्ण उघडा, साठ सेकंदांनी झटकन बंद करा, आणि पल्स व ग्रॅम दोन्ही लिहून घ्या. व्हॉल्व्ह बंद असताना पंप काही सेकंदच चालवावा.

पाण्याचे तापमानही टिपून ठेवा. ३० अंशांना एक लिटर पाण्याचे वजन ९९५.७ ग्रॅम भरते, म्हणून ग्रॅमना ०.९९५७ ने, आणि मग हजाराने भागले की लिटर मिळतात. हा फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे, पण दुरुस्ती फुकट मिळते तर ती का सोडावी?

सुरुवातीला एल्बो आणि सेन्सर हातात धरून तिरके करा, थोडे हलवा, आणि आत अडकलेला बुडबुडा निघून गेल्याची खात्री करा. सेन्सरच्या पोटात हवा असेल तर पुढचे सर्व कष्ट वाया जातात. पूर्ण वेगावर तीन वेळा मोजा आणि तिन्हींमध्ये अर्ध्या टक्क्याहून अधिक फरक पडला तर कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्यानंतर पंपाचा वेग कमी करून निदान आणखी दोन ठिकाणी मोजा. लिटरमागची पल्ससंख्या सर्व वेगांवर सारखी नसते. कमी प्रवाहात चक्राच्या आसाचे घर्षण वरचढ ठरते आणि चक्र मागे पडते. चिठ्ठीवरचा एकच आकडा या खालच्या टोकाला हमखास चुकतो, आणि आपली धोक्याची मर्यादा नेमकी त्या टोकाकडे आहे.


दगडी_वाडा

दोघांचेही मनापासून आभार. एक शंका राहते. मोजणी करताना नळीचे एक टोक उघडे असेल आणि बादली उंचावर असेल, तर प्रवाह बंद चक्रात (म्हणजे नेहमीच्या जोडणीत पाणी टाकीतून निघून टाकीतच परतते त्या मार्गात) असतो त्यापेक्षा वेगळाच येणार. मग त्या मोजणीतून मिळालेला आकडा बंद चक्राला कसा लागू पडेल?


वाफ_आणि_दाब

ही शंका जवळजवळ प्रत्येकाला येते. आपण येथे पंपाचा प्रवाह मोजत नसून सेन्सरचा स्वभाव मोजत आहोत. सेन्सरमधून एक लिटर पाणी गेले तर किती पल्स पडतात, एवढाच प्रश्न आहे. ते पाणी पंपाने ढकलले की बादलीच्या उंचीने, याच्याशी सेन्सरला काही देणेघेणे नाही. मोजणीत ताशी २२५ लिटर आले आणि बंद चक्रात २३५ असले, तरी काही बिघडत नाही. बंद चक्रात जेवढे प्रवाह येण्याची शक्यता आहे, त्या टप्प्याच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही टोकांच्या जवळपास मोजणी झालेली असली म्हणजे पुरे.

कूलंट बदलला तर मात्र फरक पडतो. आपल्याकडे जवळजवळ निव्वळ पाणी आहे, म्हणून प्रयोग डिस्टिल्ड वॉटरने केला तरी चालेल. ज्यांच्याकडे तीस टक्के प्रोपिलीन ग्लायकॉल आहे, त्यांच्या द्रवाचा दाटपणा पाण्याच्या दुपटीहून अधिक असतो. त्यांनी तोच द्रव वापरून मोजणी करावी आणि त्याचीच घनता धरावी.


तांब्याची_घागर (प्रतिसाद)

उष्णतेच्या हिशेबाबद्दल लिहितो, कारण तो बाजूला टाकून देण्यासारखा नाही. प्रवाह ताशी २३५ लिटर असेल, तर दर अंशामागे पाणी सुमारे २७० वॅट वाहून नेते. याचाच अर्थ ३२० वॅटच्या कार्डवर पाणी जेमतेम १.२ अंशांनी तापते. एवढ्या लहान फरकात ०.२ अंशाची चूक म्हणजे प्रवाहात सतरा टक्क्यांची चूक! बाजारात मिळणारे १० किलोओहमचे थर्मिस्टर (तापमानाचे साधे सेन्सर) एकेकटे घेतले, तर त्यांची अचूकता एका अंशाच्या आसपास असते. म्हणून आपला १.३ हा आकडा मला खरा धरता येत नाही, तो खोटाही म्हणता येत नाही.

त्यावर उपाय सोपा आहे. संगणकावर कोणताही भार न देता, रेडिएटरचे पंखे आणि पंप चालू ठेवून अर्धा तास थांबा. शक्य असल्यास पंपाला बाहेरून वीज द्या आणि संगणक बंदच ठेवा. या अवस्थेत ब्लॉकच्या आधीचे आणि नंतरचे पाणी एकाच तापमानाला असते, त्यामुळे दोन सेन्सरांमध्ये जो फरक दिसेल तो निव्वळ सेन्सरांचा असतो. तो लिहून ठेवा आणि पुढच्या प्रत्येक वाचनातून वजा करा. सॉफ्टवेअरमध्ये थर्मिस्टरचा बीटा गुणांक (तापमानानुसार त्याचा रोध किती बदलतो हे सांगणारा आकडा) ३४३५ धरला आहे की ३९५०, हेही पाहा. सेन्सर एका जातीचा आणि सेटिंग दुसऱ्या जातीची असेल, तर २५ अंशांपासून जसजसे दूर जावे तसतशी चूक वाढत जाते.

एवढे करूनही ही पद्धत मुख्य मापन म्हणून वापरू नये. कार्डने घेतलेले सगळेच वॅट पाण्यात उतरत नाहीत, काही मागच्या पत्र्यावाटे हवेत जातात. वजनाने काढलेल्या आकड्याला दुजोरा देण्यापुरती ती उत्तम आहे.


दगडी_वाडा

गेल्या शनिवारी आणि रविवारी सर्व मोजणी केली. आकडे जसेच्या तसे देतो, जेणेकरून चूक असल्यास कुणाला दाखवता येईल. पाण्याचे तापमान दोन्ही दिवशी २९ ते ३० अंश होते. काटा वाण्याकडच्या दोन किलोच्या वजनाने तपासला, तो दोन ग्रॅम जास्त दाखवतो, म्हणून त्याकडे दुर्लक्ष केले आहे.

पंप ४,८०० फेऱ्यांवर असताना साठ सेकंदांत पहिल्यांदा १,३१८ पल्स आणि ३,७४२ ग्रॅम, दुसऱ्यांदा १,३२६ पल्स आणि ३,७५८ ग्रॅम, तिसऱ्यांदा १,३०९ पल्स आणि ३,७१९ ग्रॅम असे आकडे आले. लिटरमागे पल्स अनुक्रमे ३५१, ३५१ आणि ३५१. दशांशातच काय तो फरक. तिसऱ्यांदा मोजताना हात अक्षरशः थरथरत होता, कारण दोनदा तोच आकडा आला होता आणि तो पुन्हा येईल यावर माझा विश्वास बसत नव्हता. पंप ३,००० फेऱ्यांवर आणल्यावर साठ सेकंदांत ७८९ पल्स आणि २,२९१ ग्रॅम, म्हणजे लिटरमागे ३४३. पंप १,८०० फेऱ्यांवर असताना मी वेळ दुप्पट केला, कारण पाणी फार थोडे येत होते. १२० सेकंदांत ८२७ पल्स आणि २,५९० ग्रॅम, म्हणजे लिटरमागे ३१८.

चिठ्ठीवरच्या ३०० शी यांपैकी एकही आकडा जुळत नाही. एल्बोचा वाटा किती असेल, हे पाहण्यासाठी मी नंतर एल्बो आणि सेन्सर यांच्यामध्ये १२० मिलिमीटरची सरळ नळी घालून पूर्ण वेगावर दोनदा मोजले, तेव्हा लिटरमागे ३३४ आणि ३३५ पल्स आले. म्हणजे एल्बो जवळजवळ पाच टक्के चूक घालत होता. पण ती नळी कॅबिनेटमध्ये बसवली तर काचेचे दार लागत नाही, म्हणून सेन्सर पुन्हा पहिल्यासारखा एल्बोवरच बसवला आहे.

तापमानाच्या सेन्सरांचाही उलगडा झाला. भाराशिवाय अर्धा तास चालवल्यावर बाहेरच्या बाजूचा सेन्सर ०.२ अंश जास्तच दाखवत होता. म्हणजे माझा १.३ अंशांचा फरक प्रत्यक्षात १.१ होता. आता एवढेच विचारायचे आहे की पल्ससंख्या वेगानुसार ३१८ पासून ३५१ पर्यंत बदलते, तर सॉफ्टवेअरमध्ये नेमकी कोणती घालू?


वाफ_आणि_दाब

मोजणी फार चांगली झाली आहे. पूर्ण वेगावरचे तीन आकडे एवढे जुळतात, त्याअर्थी व्हॉल्व्ह, काटा आणि पल्सची मोजणी या तिन्ही गोष्टी नीट झालेल्या आहेत.

कोणतीही एक पल्ससंख्या घालू नका. आपल्या तीन प्रवाहांचे आकडे कागदावर मांडले, म्हणजे आडव्या अक्षावर ताशी २२५, १३८ आणि ७८ लिटर आणि उभ्या अक्षावर सेकंदाला २१.९७, १३.१५ आणि ६.८९ पल्स, तर ते तिन्ही बिंदू जवळजवळ एका सरळ रेषेवर येतात. मात्र ती रेषा शून्यातून जात नाही. ताशी सुमारे १० लिटरपर्यंत चक्र जागचे हलणारच नाही, असे ती रेषा सांगते. ही घर्षणाची किंमत आहे. प्रत्यक्षात अगदी खालच्या टोकाला रेषा वाकते, पण आपल्या कामाच्या टप्प्यात सरळ रेषा पुरेशी आहे.

मी रेषेचा हिशेब केला. मदरबोर्डने दाखवलेल्या आरपीएमला ०.३२६ ने गुणावे आणि त्यात १० मिळवावे, म्हणजे ताशी लिटर मिळतात. पूर्ण वेगावरच्या आपल्या ६९० आरपीएमला हा प्रवाह ताशी २३५ लिटर येतो. तांब्याची_घागर यांनी उदाहरणादाखल घेतलेला आकडाही योगायोगाने तोच होता, आणि त्या प्रवाहात ३२० वॅटला अपेक्षित असलेली तापमानवाढ १.२ अंशांच्या आत येते. दुरुस्त केल्यावर आपल्याला मिळालेला फरक १.१ आहे. तापमानाचे वाचन दशांशापर्यंतच असल्यामुळे याहून चांगला मेळ मागता येणार नाही. आपला सेन्सरचा हिशेब वर चुकत होता आणि उष्णतेचा हिशेब खाली, खरे पाणी दोन्हींच्या मध्ये वाहत होते.

चिठ्ठीवरच्या गुणकाने पूर्ण वेगावर सतरा टक्के चूक होत होती, पण ताशी ७८ लिटरवर तीच चूक सहा टक्क्यांवर येते, हेही लक्षात घ्या. म्हणून कुणी केवळ वरच्या टोकाला कॅलिब्रेट करून त्याच गुणकाने खालचे प्रवाह वाचू लागला, तर तिथे त्याची चूक कमी होण्याऐवजी वाढते.

अजून एक पडताळा करून पाहा, त्याला पाणी सांडावे लागत नाही. बंद चक्रात उंचीचा प्रश्न नसतो, त्यामुळे प्रवाह पंपाच्या वेगाच्या साधारण प्रमाणात बदलतो. पंप ४,८०० वरून ३,००० वर आणला तर प्रवाह मूळच्या सुमारे ०.६२ पट आणि १,८०० वर आणला तर ०.३७ पट राहायला हवा. सूत्रातून येणारे आकडे या प्रमाणात असतील तर रेषा बरोबर आहे. प्रमाण थोडे कमी येईल, कारण ब्लॉकच्या बारीक फटींमधून मंद पाण्याला तुलनेने अधिक अडथळा होतो. त्याची काळजी करू नये.


दगडी_वाडा

आजच करून पाहिले. पंप ३,००० वर असताना दोन मिनिटांची सरासरी ४१८ आरपीएम, सूत्राने ताशी १४६ लिटर, म्हणजे पूर्ण वेगाच्या ०.६२ पट. पंप १,८०० वर असताना २३६ आरपीएम, सूत्राने ८७ लिटर, म्हणजे ०.३७ पट. आधीच्या साध्या गुणकाने हेच प्रमाण ०.६१ आणि ०.३४ येत होते, आणि ते कमी का येते हे मला कधीच समजले नव्हते. बायॉसमधली मर्यादा खाली आणल्यापासून १,२०० फेऱ्यांवरचे शून्यही नाहीसे झाले आहे.


पल्समोजणी

सूत्र घालताना एक सावधगिरी बाळगावी लागेल. विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो हे सेन्सर दाखवणारे सॉफ्टवेअर वापरत असाल, तर त्या वाचनाच्या सेटिंगमध्ये गुणण्याचा आकडा ०.३२६ आणि मिळवण्याचा आकडा १० असे वेगवेगळे देता येतात, आणि एककाच्या जागी ताशी लिटर लिहिता येते. लिनक्सवर एलएम-सेन्सर्स या तशाच सॉफ्टवेअरच्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘कम्प्यूट’ची ओळ घालून हेच करता येते, मात्र त्यात एककाच्या जागी आरपीएमच छापलेले राहते. दोन्हीकडे अडचण एकच आहे: चक्र पूर्ण थांबले, पंप बंद पडला किंवा तार निसटली, तरी शून्य गुणिले ०.३२६ अधिक १० या हिशेबाने पडद्यावर ताशी १० लिटर दिसत राहतील. ‘शून्य झाले की बंद कर’ अशी अट घातली असेल, तर ती अट कधीच पूर्ण होणार नाही.

म्हणून संगणक बंद करण्याची अट दुरुस्त आकड्यावर न ठेवता मूळच्या आरपीएमवर ठेवा. पंप आपण रात्री ३,००० फेऱ्यांवर ठेवत असाल, तर नेहमीचे वाचन ४१८ आहे. इशारा ३५० वर आणि बंद करण्याची मर्यादा २३० वर ठेवावी, असे मी सुचवेन. सूत्राने हे अनुक्रमे ताशी १२४ आणि ८५ लिटर होतात. वाचन पाच-सात टक्के हलते, हे आपण सुरुवातीलाच लिहिले आहे, म्हणून मर्यादेखालचे एकच वाचन पुरेसे मानू नका. लागोपाठ दहा सेकंद आकडा खाली राहिला तरच संगणक बंद व्हावा. एवढ्या वेळात बंद चक्रातले लिटरभर पाणी धोक्याइतके तापत नाही.


तांब्याची_घागर

पुढच्यासाठी एक लिहून ठेवा: ३,००० फेऱ्यांवर ४१८ आरपीएम, पूर्ण वेगावर ३२० वॅटला १.१ अंशांचा फरक आणि आजची तारीख. दर दोन-तीन महिन्यांनी हीच दोन वाचने त्याच वेगांवर घ्या. आरपीएम कमी झाले आणि तापमानातला फरक वाढला, तर पाणी खरोखरच कमी वाहते आहे. ब्लॉकच्या फटींमध्ये किंवा फिल्टरमध्ये कचरा अडकला असेल, तो काढा. आरपीएम कमी झाले पण तापमानातला फरक तेवढाच राहिला, तर पाणी ठीक आहे आणि सेन्सरचे चक्र मळले आहे. अशा वेळी सेन्सर उघडून चक्र मऊ ब्रशने धुवा, आणि परत बसवताना एल्बो पूर्वी होता त्याच कोनात येईल असे पाहा. त्यासाठी आत्ताच मार्करने एल्बोवर आणि सेन्सरवर मिळून एक आडवी रेघ मारून ठेवा.


दगडी_वाडा

रेघ मारली आहे, आकडे कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवले आहेत, आणि मर्यादा ३५० व २३० अशा ठेवल्या आहेत. खात्री करण्यासाठी पंपाची पीडब्ल्यूएमची सेटिंग हाताने खाली आणून पाहिली. ३४० ला इशारा आला आणि २२० ला दहा सेकंदांनी संगणक बंद झाला. आज रात्री पहिला मोठा रेंडर लावतो आहे.